पद्मिनीचे हेड आणि चकाकीचा मोह

ॲल्युमिनियमला गंज लागत नाही ही समजूत जुन्या मोटारींच्या मालकांमध्ये फार खोलवर रुजलेली आहे, आणि या मोटारींचे जेवढे नुकसान पावसाने केले नसेल तेवढे या समजुतीने केले आहे. लोखंड सडले की लाल होते, फुगते, पोपडे धरते. मालकाला ते दुरूनही दिसते आणि तो घाबरून मिस्त्रीकडे धाव घेतो. ॲल्युमिनियमचे सडणे पांढरट भुकटीच्या रूपात होते, आणि तेही बहुधा बोनेटखाली, पाण्याच्या वाटेवर, गॅस्केटच्या आड, स्टडच्या मुळाशी. बाहेरून भाग जरासा राखाडी, मळकट दिसतो एवढेच. मग त्यावर उपाय म्हणून बफ मारला जातो, भाग आरशासारखा चमकतो, आणि दुरुस्ती झाली असे सगळ्यांना वाटते. वर्ध्याहून यवतमाळकडे जाताना अठरा-वीस किलोमीटरवर लागणाऱ्या देवळीसारख्या तालुक्याच्या गावी हे जास्तच खरे आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळया तयार होतात. लोखंडाचे वेल्डिंग, पत्रा ठोकून सरळ करणे, लेथवर शाफ्ट उतरवणे ही कामे करणारे हात विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याला मिळतात. ॲल्युमिनियमचे काम मात्र वेगळ्या शिस्तीचे आहे. जुन्या मोटारीच्या ॲल्युमिनियम भागांचा जीर्णोद्धार म्हणजे किती धातू काढायचा नाही याचे ज्ञान, असे माझे म्हणणे आहे, आणि ते पटवण्यासाठी महाराष्ट्रातल्या सर्वांत परिचित मोटारीचा सर्वांत हट्टी भाग पाहणे पुरेसे आहे.

त्याआधी थोडा इतिहास. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची रीत स्वतंत्रपणे शोधली आणि तोवर दागिन्यांच्या मोलाचा असलेला हा धातू कारखान्याच्या आवाक्यात आला. मोटारीचा जन्मही त्याच सुमाराचा, त्यामुळे दोघांची गाठ लवकर पडली. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टचे क्रँककेस ॲल्युमिनियमचे होते. या मालिकेतली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची गाडी 1908 साली मुंबई ते कोल्हापूर अशा घाटांच्या शर्यतीत उतरली, जिंकली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. मराठी मुलखातल्या घाटरस्त्यांवर ॲल्युमिनियमने दिलेली ही बहुधा पहिली मोठी परीक्षा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचा तुटवडा असताना 1948 ची लँड रोव्हर ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्याने मढवली गेली. या सगळ्यात आपल्या कामाची एक बाब अशी, की ज्या गाडीवरून सिल्व्हर घोस्ट हे नाव पडले त्या मूळ गाडीची चंदेरी झळाळी ॲल्युमिनियमच्या रंगाची आणि चांदीचा मुलामा दिलेल्या साहित्याची होती. म्हणजे ‘ॲल्युमिनियम म्हणजे घासून चमकवलेला धातू’ हे समीकरण त्या आद्य गाडीलाही लागू पडत नाही. कारखान्याने प्रत्येक भागाला विचारपूर्वक एक पृष्ठभाग दिलेला असतो: कुठे रंग, कुठे ओतकामाचा खरखरीतपणा, कुठे यंत्रावरची रेघ, कुठे पॉलिश. जीर्णोद्धार करणाऱ्याने तो पृष्ठभाग आधी ओळखायचा असतो.

आता पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी गाड्यांची जुळणी झाली, मग फियाट आली. 1964 ची फियाट 1100 डिलाइट, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी, अशी एकाच गाडीची तीन नावे महाराष्ट्राने पाहिली. डॉक्टर, वकील, साखर कारखान्याचे संचालक, कापसाचे व्यापारी यांच्या दारात ती उभी राहिली. मुंबईत तर काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिची सेवा थांबली. या गाडीचे इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, 68 मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर आणि 75 मिलिमीटरचा स्ट्रोक. त्याचा वंश 1937 च्या फियाट 508 सी पर्यंत मागे जातो, जिचे आरेखन दान्ते जाकोसा या अभियंत्याचे. सिलिंडरांचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, त्यावर झाकणासारखे बसणारे हेड ॲल्युमिनियमचे. ही जोडी त्या काळी आधुनिक होती, कारण ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेते आणि वजनाला हलके असते: एका घनसेंटिमीटरला 2.7 ग्रॅम, लोखंड त्याच मापात जवळजवळ तिप्पट. पण याच जोडीत पद्मिनीचे दुखणेही आहे.

धातू तापला की वाढतो, आणि ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुपटीहून जास्त वाढते. हेडचा चाळीस सेंटिमीटर लांबीचा तुकडा धरला आणि इंजिन थंड अवस्थेतून ऐंशी अंशांनी तापले असे मानले, तर ॲल्युमिनियम सुमारे पाऊण मिलिमीटर लांब होऊ पाहते. त्याखालचा लोखंडी ब्लॉक त्याच्या निम्म्याहून कमी. हेड पोलादी बोल्टांनी जखडलेले असते, म्हणून त्याला मोकळेपणाने सरकता येत नाही. दर वेळी इंजिन तापताना आणि निवताना मधल्या गॅस्केटवर हे दोन धातू एकमेकांना रेटतात. गाडी योग्य तापमानात चालत असेल तर हा रेटा वर्षानुवर्षे सोसला जातो. पण विदर्भातल्या मे महिन्यात बाहेरची हवाच 46-47 अंशांवर असते. रेडिएटर अर्धा क्षारांनी बुजलेला असतो, पंख्याचा पट्टा सैल असतो, आणि चढावर किंवा फाटकाशी थांबलेल्या गाडीचा काटा लाल पट्ट्यात जातो. तापलेले ॲल्युमिनियम दोन बोल्टांच्या मधे वर उचलले जाते, निवल्यावरही पूर्ण खाली बसत नाही, आणि हेडला बाक येतो. गॅस्केट उडते. त्या क्षणी घाईघाईत रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतले की उरलेले काम पूर्ण होते. व्हॉल्व्हच्या बैठकांमधल्या अरुंद पुलावर तडा जातो. दोनशे अंशांच्या वर फार वेळ तापलेल्या मिश्रधातूची कठीणताही उतरते, हे डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून चांगला मशिनिस्ट असे हेड हाती आले की आधी कठीणता मोजतो, कारण मऊ पडलेल्या हेडवर पैसा घालणे व्यर्थ असते.

उष्णतेइतकेच पाणीही दोषी आहे. पद्मिनीच्या थंड करण्याच्या वर्तुळात तीन धातू एकाच पाण्यात राहतात: रेडिएटर तांबे-पितळेचा, ब्लॉक लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. पाण्यात क्षार असले की ते वीज वाहून नेऊ लागते आणि या तिघांची मिळून एक बॅटरी तयार होते. झिजतो तो त्यांतला सर्वांत सक्रिय धातू, म्हणजे ॲल्युमिनियम. रेडिएटरमधून विरघळलेला तांब्याचा अंश हेडच्या आतल्या भिंतीवर जाऊन बसला की तिथे नेमका खड्डा पडू लागतो. त्यात विदर्भातल्या अनेक गावांतले बोअरवेलचे पाणी कठीण. घरातला ॲल्युमिनियमचा कुकर अशा पाण्याने आतून काळा पडतो, ती या कहाणीची सौम्य आवृत्ती; हेडमध्ये तेच पाणी उकळीच्या जवळ, दाबाखाली, वर्षानुवर्षे फिरत असते. मग हेड उतरवल्यावर दिसते ते असे: पाण्याच्या छिद्रांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, गॅस्केटच्या कडीखालून पाण्याने काढलेली वाट, आणि स्टडच्या भोवती पांढऱ्या ऑक्साइडची इतकी घट्ट भर, की हेड ब्लॉकवरून सुटायलाच तयार नसते. इथे छिन्नी-हातोड्याने जोर लावणाऱ्या माणसाने कित्येक हेडे कायमची घालवली आहेत. रीत वेगळी आहे: भेदक तेल दिवसेंदिवस मुरवायचे, स्टडभोवती सौम्य उष्णता द्यायची, हेड सगळीकडून थोडे थोडे उचलायचे. या कामात घाई चालत नाही, आणि मजुरी तासांवर ठरत असल्यामुळे घाई होतेच.

उतरवलेल्या हेडचा जीर्णोद्धार पाहण्यासारखा असतो, कारण त्यात प्रत्येक पायरीवर थांबून विचार करावा लागतो. प्रथम सफाई: जळकट काजळी, तेलाचा थर, जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे. लोखंडी तारेचा ब्रश इथे शत्रू. त्याचे सूक्ष्म लोखंडी कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे त्याच जागी क्षरण सुरू होते. कास्टिक सोडा तर ॲल्युमिनियमच खातो आणि वर हायड्रोजन वायू सोडतो. मग दाबाची चाचणी: पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरायची, हेड कोमट पाण्यात बुडवायचे आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. मग सरळ पट्टी आणि फीलर गेज घेऊन लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर बाक मोजायचा. बाक जास्त असेल तर थेट यंत्रावर चढवून कापणे ही सोपी आणि चुकीची वाट. योग्य वाट अशी, की हेड जाड पोलादी पाटावर पट्ट्या घालून उलट बाकात बांधायचे, भट्टीत तापवायचे, आणि तसेच बांधलेल्या अवस्थेत हळूहळू निवू द्यायचे. बाक बराचसा उतरतो आणि यंत्रावर काढायचा धातू निम्म्याहून कमी होतो. कुरतडलेल्या कडा आर्गन वेल्डिंगने भरून आणायच्या, आणि तेव्हा कुठे शेवटी फेस मारायचा, म्हणजे हेडचा तळ यंत्रावर कापून सपाट करायचा.

या आर्गन वेल्डिंगमध्येच या कलेची सगळी अवघड बाजू एकवटली आहे. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण त्याच्यावर हवेत आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 अंशांच्या वर वितळतो. म्हणजे आतला धातू पाणी झालेला असतो आणि वरची साल अजून घट्ट असते. बदलत्या दिशेच्या विद्युतप्रवाहाने ती साल फोडत फोडत काम करावे लागते. लोखंड वितळण्याआधी लाल होते आणि वेल्डरला इशारा देते. ॲल्युमिनियम रंग न बदलता एकाएकी ढासळते. त्यात पन्नास वर्षे तेलात मुरलेले जुने ओतकाम: वरून कितीही धुतले तरी उष्णता लागताच आतल्या छिद्रांतून तेल उकळून वर येते आणि जोड सच्छिद्र होतो. मग तो भाग कोरून काढायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा कोरायचा. आधी संपूर्ण हेड दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवून घ्यायचे, नाहीतर थंड भाग आणि वितळलेला भाग यांच्या सीमेवर नवा तडा जातो. भरायची सळई सहसा सिलिकॉनयुक्त मिश्रधातूची निवडतात, कारण ओतीव हेडे बहुधा त्याच जातीची असतात. पण जुन्या भागाचे नेमके मिश्रण कोणते हे अनेकदा पहिला थेंब पडल्यावरच कळते. हे काम उत्तम करणारा माणूस आणि कामचलाऊ करणारा माणूस यांच्यातला फरक त्या दिवशी दिसत नाही. तो दोन उन्हाळ्यांनी दिसतो.

आता फेस मारण्याचा हिशेब, कारण माझ्या म्हणण्याचा भक्कम पुरावा तिथेच आहे. पद्मिनीच्या एका सिलिंडरची क्षमता 272 घनसेंटिमीटर. दाबाचे प्रमाण 7.5 धरले, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे 42 घनसेंटिमीटर होते. ज्वलनकक्षाचे तोंड सिलिंडरच्या तोंडाएवढे, म्हणजे 36 चौरस सेंटिमीटर मानले, तर हेडवरून अर्धा मिलिमीटर धातू काढताच जवळजवळ 2 घनसेंटिमीटर जागा कमी होते आणि प्रमाण 7.8 वर जाते. तीनदा असा फेस मारला की ते साडेआठच्या घरात पोचते. आजच्या पेट्रोलला एवढा दाब झेपेल, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण दाब हा एकच हिशेब नाही. दर वेळी हेडचा तळ पातळ होतो, पाण्याची पोकळी आगीच्या जवळ येते, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, पुशरॉडची लांबी बिघडते. आणि पातळ तळ पुढच्या उन्हाळ्यात अधिक लवकर वाकतो. म्हणजे प्रत्येक फेसिंग पुढच्या फेसिंगची गरज जवळ आणते. हेडला जन्मतः थोडीच जाडी मिळालेली असते. मिस्त्री तीच खर्च करत असतो. तरीही बहुतेक ठिकाणी किती काढले याची कोणी नोंद ठेवत नाही. ‘फेस मारून दिला’ एवढेच मालकाला सांगितले जाते आणि तोही समाधानाने पैसे देतो, कारण नव्याने कापलेला ॲल्युमिनियमचा तळ फार सुंदर दिसतो.

सौंदर्याचा हाच मोह बाहेरच्या भागांवर अधिक मोकाट सुटतो. अँबॅसडरवरचा एसयू कार्ब्युरेटर घ्या. त्याच्या डोक्यावरची ॲल्युमिनियमची घुमटी कारखान्यातूनच चकचकीत येत असे. ती बाहेरून पॉलिश करणे रास्तच. पण त्याच घुमटीच्या आत एक पिस्टन अगदी बारीक फटीने सरकतो, आणि दोघे जोडीने जुळवलेले असतात. उत्साहाच्या भरात आतूनही एमरी फिरवली की फट वाढते, हवा गळते, पिस्टन योग्य उंचीवर तरंगत नाही आणि गाडी कधीच नीट चालत नाही. जग्वारच्या 1948 च्या एक्सके इंजिनाचे कॅमवरचे झाकण आरशासारखे होते, कारण कारखान्याला ते तसे दाखवायचे होते. पण म्हणून प्रत्येक इंजिनावरचा प्रत्येक ॲल्युमिनियम भाग तसा हवा असे होत नाही. गिअरबॉक्सचे कवच, टायमिंगचे झाकण, पाण्याच्या पंपाचे अंग हे भाग वाळूच्या साच्यातून किंवा धातूच्या साच्यातून निघाले तसेच बसवले जात. त्यांच्यावर भागाचा क्रमांक, ओतशाळेची खूण असे उठाव असतात. बफच्या चाकाखाली हे उठाव बोथट होतात, आणि त्याबरोबर तो भाग कुठे आणि कोणी ओतला हे सांगणारा पुरावाही जातो. अशा भागांसाठी पाण्यात मिसळलेल्या बारीक काचमण्यांचा फवारा ही आजची उत्तम रीत: मळ निघतो, धातू जवळजवळ जात नाही, आणि ओतकामाचा मूळ पोत मऊ राखाडी तेजासह परत येतो. कोरडी वाळू मारली की पोत खरवडला जातो. अर्थात काचमणीही निरुपद्रवी नाहीत. तेलाच्या वाटेत अडकून राहिलेले चार मणी नव्या बेअरिंगची वाट लावतात, म्हणून प्रत्येक वाट आधी बंद करणे आणि नंतर पुन्हा पुन्हा धुणे याला पर्याय नाही.

जिथे पॉलिश खरोखर हवे, तिथे ते करणाऱ्याचे कौशल्य मी कमी लेखत नाही. 220 च्या कागदापासून 320, 400, 600 असे चढत जाणे, प्रत्येक टप्प्यावर आधीच्या रेघांना आडवे घासून त्या संपल्याची खात्री करणे, मग तागाचे चाक, मग सुती चाक, आणि दर चाकाला वेगळा साबण. यातला एक टप्पा गाळला तर शेवटच्या चकाकीतून पहिल्या कागदाचे ओरखडे वर येतात. खिडकीभोवतीच्या किंवा ग्रिलच्या काही पट्ट्या ॲनोडाइज केलेल्या असतात. त्यांच्यावर विजेने तयार केलेला ऑक्साइडचा कठीण थर असतो, काही मायक्रॉन जाडीचा, आणि तो तसाच ठेवून पॉलिश होतच नाही. तो आधी उतरवावा लागतो, पोचा काढावा लागतो, पॉलिश करावे लागते आणि मग पुन्हा ॲनोडाइज करून उकळत्या पाण्यात छिद्रे मिटवावी लागतात. पुष्कळ ठिकाणी शेवटची पायरी गाळली जाते; पट्टी आठ दिवस झळकते आणि पहिल्या पावसाळ्यात डागाळते. आणखी एक घातक चूक म्हणजे जस्ताच्या ओतकामाला ॲल्युमिनियम समजणे. जुन्या गाड्यांचे दरवाजांचे हँडल, बोधचिन्हे बहुधा क्रोमचा मुलामा दिलेल्या जस्ताची असतात. चुंबक दोन्हींना चिकटत नाही, पण हातात घेतल्यावर जस्त अडीचपट जड लागते. एवढी साधी परीक्षा न करता रसायनात बुडवलेले हँडल परत मिळत नाही.

यावर काही आक्षेप येतात आणि ते ऐकून घेण्यासारखे आहेत. पहिला: गाडी मालकाची, पैसा मालकाचा, त्याला चकाकी आवडत असेल तर इतरांनी का बोलावे? हक्काचा प्रश्न म्हणून हे मान्य आहे. पण रंग आवडला नाही तर पुढची पिढी तो खरवडून दुसरा देऊ शकते. काढून टाकलेला धातू मात्र कोणालाच परत देता येत नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, 2012 मध्ये स्वीकारलेली तुरीनची सनद याच तत्त्वावर उभी आहे: मूळ ते जपा, हस्तक्षेप कमीत कमी करा, आणि नवे बसवले तर ते ओळखू येईल असे ठेवा. दुसरा आक्षेप: आता संगणकावर मोजून नवा भाग कापता येतो, मग जुन्याची एवढी चिंता कशाला? एखादे झाकण, एखादी नळी यांच्यासाठी हे खरे आहे. पण आत पाण्याच्या वळणावळणाच्या पोकळ्या असलेले हेड अखंड ठोकळ्यातून कापता येत नाही. त्यासाठी साचे, गाभे आणि ओतशाळा लागते, आणि शंभर-दोनशे गाड्यांसाठी तो खर्च कोणी उचलत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा: होळकरांची ड्युझेनबर्ग किंवा शिंद्यांची रोल्स-रॉइस जपावी, पण लाखांनी रस्त्यावर धावलेल्या पद्मिनीसाठी एवढा आटापिटा कशाला? माझ्या मते पद्मिनीसाठी तो अधिक करायला हवा. संस्थानिकांच्या गाड्यांना धनिक संग्राहक आणि परदेशी कारागीर मिळतात. मध्यमवर्गाच्या गाडीला फक्त तालुक्याचा मिस्त्री मिळतो. वर्ध्यात 1938 पासून मगन संग्रहालय चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारे जपत आले आहे; सामान्य माणसाने रोज वापरलेली वस्तूही जपण्यालायक असते, हा विचार या जिल्ह्याला नवा नाही.

हे सगळे मान्य केले तरी पुढे अडचणींचा डोंगर आहे, आणि त्यातली पहिली अडचण कारागिराच्या शरीराची आहे. ॲल्युमिनियम उजळवणारी म्हणून विकली जाणारी काही रसायने हायड्रोफ्लोरिक आम्लावर चालतात. हे आम्ल त्वचेतून आत शिरते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, आणि आत जाऊन शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम तातडीने लावून दवाखाना गाठावा लागतो. छोट्या शेडमध्ये ते मलम सोडाच, हातमोजेही नसतात. धातूला रंगाआधी देण्याच्या जुन्या पद्धतीच्या क्रोमेट थरात षट्संयुजी क्रोमियम असते आणि ते कर्करोगकारक आहे. कमी घातक त्रिसंयुजी पर्याय आता मिळतात, पण विचारून घ्यावे लागतात. कोरडी वाळू मारणाऱ्याच्या फुप्फुसात सिलिका साठते. बफच्या चाकाखालची ॲल्युमिनियमची भुकटी हवेत पुरेशी पसरली की ठिणगीने तिचा स्फोट होतो, आणि पेटलेल्या भुकटीवर पाणी मारले तर हायड्रोजन निर्माण होऊन आग भडकते. त्यावर कोरडी वाळूच टाकायची असते. लोखंडाचे ग्राइंडिंग आणि ॲल्युमिनियमचे बफिंग एकाच खोलीत एकाच पंख्यासमोर करणे हा यातला सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक प्रकार आहे. जुन्या गाडीच्या प्रेमापोटी कोणा तरुणाचे फुप्फुस किंवा बोटे जाणार असतील, तर ती गाडी भंगारात गेलेली बरी, असे मला वाटते.

दुसरी अडचण कायद्याची आहे. केंद्र सरकारने 2021 च्या जुलैमध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली: ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, नूतनीकरणाला 5,000. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती गाडी रस्त्यावर आणता येते. 1974 ची पद्मिनी 2024 मध्ये या वर्गात बसू लागली. पण रस्त्यांवर किंवा शेडांमध्ये उरलेल्या बहुसंख्य पद्मिनी सत्तरच्या उत्तरार्धातल्या, ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या आहेत. त्या व्हिंटेज नाहीत आणि नव्याही नाहीत. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाले आणि वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी 2025 मध्ये ते 10,000 वर गेले. धूर आणि अपघात यांचा विचार करता सरकारचे धोरण समजण्यासारखे आहे. पण व्हिंटेज होण्याआधीच्या या मधल्या वीस-तीस वर्षांतच गाड्या मोडीत जातात, आणि मोडीत गेलेल्या गाडीचे ॲल्युमिनियम आधी वितळते, कारण भंगारवाल्याकडे त्याला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. वर्षाला मोजके किलोमीटर चालवण्याच्या अटीवर अशा गाड्यांना कमी शुल्काची एक मधली श्रेणी दिली, तर प्रदूषणात जाणवण्यासारखी भर पडणार नाही आणि सुट्या भागांचा साठा तरी शिल्लक राहील.

तिसरी अडचण हातांची, आणि तिच्यावर उपाय विदर्भाच्या आवाक्यात आहे. नागपूरजवळच्या अंबाझरीत आयुध कारखान्यामुळे हलक्या मिश्रधातूंचे ज्ञान अनेक दशके नांदते आहे; नागपूर जिल्ह्यातच मौद्याला ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना आहे. 2024 च्या फेब्रुवारीत वर्धा–कळंब रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून देवळी रेल्वेने जोडली गेली आहे. आयटीआयमध्ये वेल्डर, मशिनिस्ट, मेकॅनिक मोटर व्हेइकल हे अभ्यासक्रम चालतात. पण वेल्डरला ॲल्युमिनियमवर हात बसवायला पुरेसा वेळ आणि वायू क्वचितच मिळतो, कारण आर्गन महाग आणि चुकलेले जोड जास्त. भंगारातली तडकलेली हेडे सरावासाठी विकत घेऊन विद्यार्थ्यांना दिली, दाबाची चाचणी आणि कठीणतेची मोजणी शिकवली, तर तयार होणारा कारागीर केवळ जुन्या मोटारींवर अवलंबून राहणार नाही. आजच्या जवळजवळ प्रत्येक मोटारीचे हेड ॲल्युमिनियमचे आहे, ट्रॅक्टर आणि डिझेल पंपांचे कितीतरी भाग ॲल्युमिनियमचे आहेत, आणि वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या घराण्याने घडवलेल्या चेतक स्कूटरचे क्रँककेसही त्याच धातूचे. बाक काढण्याची, जोड भरण्याची आणि कमीत कमी कापण्याची शिस्त या सगळ्यांना लागू पडते.

तोवर ज्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पद्मिनी उभी आहे त्यांच्याकडे काही साध्या मागण्या आहेत. बोअरचे पाणी काढून टाका आणि शुद्ध पाण्यात गंजरोधक कूलंट घाला. गाडी चालत नसली तरी. हेड उतरवायची वेळ आली तर चारही कोपऱ्यांवर त्याची जाडी मोजून घ्या, फेस मारल्यावर पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे तारखेसह गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवा. आणि कोणताही भाग बफला देण्याआधी त्याची चारही बाजूंनी छायाचित्रे काढा, म्हणजे तो कारखान्यातून कसा आला होता हे पुढच्या मालकाला समजेल.